बहिणीच्या कॉलनीत मी वारले होते

माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं आणि धाकट्या बहिणीला बोलवायला मी भरवेलीला गेले. बालाघाटहून भरवेली ती किती लांब! स्कूटीवर बसलं की आलंच. तरी वर्षभर मी तिकडे फिरकले नव्हते, कारण ती येऊ देत नव्हती. आमचं हे असंच चालायचं. कधी ती दिवसातून चारदा फोन करायची, "ताई, तुह्याशिवाय मले कोन आहे" म्हणत माझ्यासाठी साडी घेऊन यायची. मग एखाद्या शब्दावरून असं काही बिनसायचं की महिनोन्महिने तिचा आवाज ऐकू यायचा नाही. आई होती तोवर म्हणायची, पोरगी तापट आहे, लग्न झालं की निवेल. लग्न झालं. नवरा खाणीत नोकरीला, शांत माणूस, राहायला कॉलनीत क्वार्टर. ती काही निवली नाही, आणि आम्ही तिला तापटच म्हणत राहिलो.

क्वार्टरला कुलूप होतं. शेजारच्या बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. "बाजारात गेली असंन, येतेच आता, बसा न," म्हणून त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "तुमी कोन जी?"

"मी तिची मोठी बहीण."

"चुलत का?"

"नाही, सख्खी."

त्यांचा सुपातला हात थांबला. "सख्खी तं एकच होती न जी तिले. ते तं वारली."

मला वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत झाली. मी हसले. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे नीट पाहू लागल्या, कपाळाकडे, हातांकडे, आणि बसल्या जागी किंचित मागे सरकल्या. मीच शेवटी विचारलं, "कशी वारली?"

"एक्सीडेंट झाला न. शाळेतून घरी येऊन राह्यली होती स्कूटीवर. ट्रकनं उडवलं."

मी शाळेत शिकवते. स्कूटी फाटकाबाहेर उभी होती. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आमी सगळ्या बाया गेलतो तिच्याकडं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन-तीन दिवस डब्बे देल्ले. काय रडली बिचारी! अन्नाले शिवत नोती. आताबी तुमची आठवण काढते. म्हणते, माह्या बहिणीसारखी बहीण कोणालेच भेटली नसंन."

उठून निघून जावं असं वाटत होतं, पण उठता येईना. ज्या बहिणीनं शेवटच्या फोनवर मला स्वार्थी, पाषाण, काय काय म्हटलं होतं, तीच इथं माझे गुण गात होती. त्यासाठी मला आधी मरावं लागलं होतं.

तेवढ्यात ती आली. हातात भाजीची पिशवी. मला पाहून क्षणभर थबकली, मग शेजारणीकडे न बघता म्हणाली, "कधी आली? चल घरात, चहा पिऊ." अगदी नेहमीच्या आवाजात.

आत गेले आणि टीव्हीवरच्या फळीकडे लक्ष गेलं. तिच्या लग्नातला माझा फोटो होता. त्याला चंदनाचा हार घातलेला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "तू फोन नाही उचलला."

"कधी?"

"परीक्षा होत्या तुह्या शाळेत, तवा. मी दिवसभर फोन लावून राह्यली होती. दिवसभर! मले वाटलं, सोडलं हिनं मले. मंग शेजारीण आली, म्हणे काहून रडता? मी म्हटलं, माही बहीण गेली." ती वळली. डोळे भरलेले. "झूट नोतं ते, ताई. त्या दिवशी तू गेलीच होती."

आणि धावत येऊन तिनं मला मिठी मारली, लहानपणी मारायची तशी. मी तशीच खांबासारखी उभी राहिले. तिला जवळ घ्यावं की ढकलून द्यावं, काही सुचत नव्हतं. पत्रिका तिथंच ठेवली आणि चहा न घेता निघाले. कॉलनीच्या वळणावर आमचे जावई, म्हणजे तिचा नवरा, सायकलवरून येताना दिसले. मला पाहताच उतरले, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी मान खाली घातली. म्हणजे त्यांना माहीत होतं.

"ड्युटीवरून आलो तं घर बायांनी भरलेलं," रस्त्याच्या कडेला उभं राहून ते सांगू लागले. "मले वाटलं, खरंच तुमी गेल्या. बाहेर येऊन तुमाले फोन लावला. तुमी हॅलो म्हणल्या. मले बोलताच नाही आलं, ठेवून देल्ला."

मला तो फोन आठवतही नव्हता.

"मंग सांगितलं काहून नाही कोणाले? तो हार तरी काढायचा!"

"काढला होता, ताई. त्या दिवशी तिनं सोताले इजा करून घेतली." ते सायकलच्या हँडलवर अंगठा घासत राहिले. "तेव्हापासून मी काहीच काढत नाही. काहीच बोलत नाही. घरी जायच्या आधी खिडकीतून पाहतो, आज चेहरा कसा आहे."

इतक्या वर्षांत हा माणूस मला कधी खचलेला दिसला नव्हता. आम्ही त्याला शांत म्हणायचो. ती शांतता नव्हती, भीती होती, हे मला त्या वळणावर कळलं.

पुढे नागपूरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे आधी गेले ते जावईच, स्वतःची झोप उडाली म्हणून. ती "मी पागल नाही" म्हणून अडून बसली होती. पण नवरा आपल्याबद्दल कोणाशी तरी बोलतो हे तिला सहन होईना, म्हणून भांडायला गेली. डॉक्टरांनी तिचं भांडण ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात परत या म्हटलं. ती परत गेली. पुष्कळ भेटींनंतर, तिच्या संमतीनं, त्यांनी मला आणि जावयांनाही आत बोलावलं आणि आजाराचं नाव सांगितलं: बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. आमच्याकडे, मध्य प्रदेशात, बॉर्डर म्हणजे महाराष्ट्राची. आमची निम्मी सोयरीक पलीकडे. त्या शब्दाचा माणसाच्या मनाशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"म्हणजे ती नाटक करत नाही?" मी विचारलं. हाच प्रश्न मला खात होता.

"अपघाताची गोष्ट खरी नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "दुःख मात्र खरं होतं. बहिणीचं आपल्यावर प्रेम आहे आणि तिनं आज फोन उचलला नाही, या दोन्ही गोष्टी तुम्ही-आम्ही एका वेळी मनात धरू शकतो. तुमच्या बहिणीला ते फार जड जातं. फोन नाही उचलला, की प्रेमही संपलं. आणि तुटण्याची त्यांना इतकी भीती वाटते, की त्या आधीच तोडून टाकतात."

हे कशानं होतं, याचं एक उत्तर त्यांनी दिलं नाही. काही स्वभावातून, काही लहानपणातून, असं म्हणाल्या. शिकून आणि सरावानं ते पुष्कळ सुधारतं, हे मात्र ठामपणे सांगितलं. बहीण खाली बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "माह्यासारखे अजून लोक आहेत म्हणे." आजाराच्या नावापेक्षा ते ऐकून ती जास्त हादरली होती.

मी मात्र बरेच दिवस सावरले नाही. वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच आठवायचं की आपल्या मरणाचे डबे कोणीतरी खाल्ले. राग यायचा. आजारी माणसावर राग येतो याची लाज वाटायची, आणि त्या लाजेचा पुन्हा राग. डॉक्टरांनी मलाही सांगितलं, राग येऊ द्या, पण येता येणार नसेल तेव्हा येते म्हणू नका. आता मी तिला स्पष्ट सांगते, शाळा सुटल्यावर फोन करेन. आणि करतेच. जावई बोलू लागले. "मी बाहेर जातो, पण परत येतो," एवढं वाक्य म्हणायला त्यांना किती महिने लागले!

साक्षगंधाला ती आली नाही. पण मुलीच्या लग्नाआधी एके दिवशी त्या शेजारणीकडे गेली आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्या बाईंनी ऐकून घेतलं. कॉलनीतल्या काही जणी अजूनही तिच्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

सगळं नीट झालं असं नाही. मध्यंतरी तिनं आठवडाभर माझा नंबर ब्लॉक करून ठेवला होता. मग मागच्या रविवारी अचानक बालाघाटला आली. आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. कशावरून तरी मी तिला टोकलं. तिचा चेहरा उतरला. ती उठली, चपला घातल्या, दारापर्यंत गेली.

दारात ती बराच वेळ उभी राहिली. मग चपला काढल्या, परत येऊन माझ्यासमोर बसली.

"मले तुह्या लय राग येऊन राह्यला," ती म्हणाली. "पण मी जाऊन नाही राह्यली."

तिनं सूप स्वतःकडे ओढलं आणि शेंगा सोलू लागली.