शुभेच्छुकांची वेबसाइट

वेबसाइटची गरज नाही असा माणूस माझ्या आतेभावाला आजवर भेटलेला नाही. दातांच्या डॉक्टरांनी त्याच्या तोंडात आरसा घातला होता, तेव्हाही त्याने हातवारे करून त्यांना वेबसाइट सुचवली. माझ्या भाचीच्या लग्नात भर मांडवात, "गुरुजी, ऑनलाइन बुकिंग सुरू करू या का?" असं त्याने विचारलं तेव्हा गुरुजी मंगलाष्टकाची ओळच विसरले. कोणी कितीही झिडकारलं तरी "विचार करतायत ते" असं म्हणून हा खूश.

पूर्वी तो विठ्ठलवाडीला एका दुकानात फ्लेक्सचे बॅनर करायचा. मधोमध उत्सवमूर्तीचा हसरा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. मग आत्या बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं जग पलंगापुरतं उरलं. घरात दोघंच. त्याने दुकान सोडलं, मोबाइलवर व्हिडिओ बघून वेबसाइट करायला शिकला आणि डोंबिवलीच्या घरात शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून ऑफिस थाटलं. घरबसल्या काम मिळालं नाही, तर माजिवड्याच्या एका ऑफिसात नोकरी धरायची आणि आत्याला दिवसभर परक्या बाईच्या हाती सोपवायचं, असं ठरलं होतं. ते त्याला नको होतं, आणि आत्याला तर मुळीच नको होतं.

पण हात बॅनरला सरावलेला. नमुना म्हणून केलेल्या प्रत्येक वेबसाइटवर चेहऱ्यांची रांग असायचीच. एका सीएच्या वेबसाइटवर त्याने लिफ्टमनलाही बसवलं. "अहो, मी इलेक्शनला उभा नाहीये!" असं म्हणून सीएने फोन ठेवला. याचा लगेच मला फोन, "दादा, काम झाल्यातच जमा आहे! त्यांना रंग आवडला!"

"अरे, ते चेहरे काढ आधी," मी वैतागून म्हणालो.

"माणसंच नसतील तर दुकानात काय बघायचं, तूच सांग."

शेवटी माजिवड्याला मुलाखत देऊन आला. तिथून बोलावणं येणार हे जवळजवळ नक्की होतं. दुसऱ्या दिवशी मी आत्याला भेटायला गेलो, तर स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर. "दादा, येताना टेंभी नाक्याला जेवायला गेलेलो ना, त्या पोळीभाजी केंद्राची साइट केली रात्री बसून. मालकीणकाकूंना दाखवतो आता." कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. व्हिडिओ कॉलवर काकू आल्या आणि याने पान उघडलं. मधोमध काकू, खाली पोळ्या लाटणाऱ्या, भाज्या चिरणाऱ्या साऱ्या बायका, पदर सावरून, नावानिशी. जेवताना गप्पा मारता मारता त्याने सगळ्यांचे फोटो काढून आणले होते. गेलं हेही काम, मी मनात म्हटलं.

काकूंनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग काकू फोन घेऊन थेट भटारखान्यातच गेल्या. "अगं, या गं सगळ्या, बघा!" आणि एकच गलका झाला. "अय्या, ही मी?" "माझ्या सुनेला पाठवा हो हे!" काकू पदराने डोळे टिपत पुन्हा समोर आल्या. "इतकी वर्षं लोक पोळ्यांना छान म्हणतात रे, या मात्र कुणाला दिसल्या नव्हत्या. पक्कं समज काम. आणि कल्याणला माझ्या बहिणीचं पार्लर आहे, तिचीपण करून दे."

तो जागच्या जागी उड्या मारायला लागला. आतून आत्या ओरडली, "काय झालं रे? मिळालं का?"

"मिळालं, आई! माजिवडा कॅन्सल!"

मीही उडी मारली. माझ्या वयाला ते शोभत नाही, पण मारली.

पार्लरनंतर कामं येतच गेली. परवा गेलो तर आत्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल, ऑफिस चालू आहे." बाहेरच्या खोलीत तो कुणालातरी तावातावाने पटवत होता. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही रे," आत्या कुजबुजली, "पण दिवसभर घरात आवाज असतो ना त्याचा." माझा मुलगा बंगळुरूला मोठ्या कंपनीत आहे, जमेल तसा रविवारी फोन करतो. मला आत्याचा हेवा वाटला. निघायची वेळ झाली होती, तरी मी तिच्या पलंगाशी बसून त्याचा आवाज ऐकत राहिलो.