मगदलाची ऐरण

दाऊदमियांच्या घणाआधी त्यांचा आवाज ऐकू यायचा. शहागंजात लोहार आणखीही होते, पण खेड्यांतली माणसं नांगराचा फाळ ठोकून घ्यायला त्यांच्याकडंच यायची. इथं कामाबरोबर एक लढाई फुकट मिळायची.

"ही ऐरण साधी नाय, कडूबा. मगदला जहाजाच्या चिलखताचा तुकडा हाय. वीतभर जाड लोखंड! माझे अब्बा जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायचे. एका दणक्यात दुश्मनाची सात जहाजं..."

"मागल्या खेपेला पाच होती," बिडकीनचा कडूबा म्हणायचा.

"दोन लपून बसली होती. मागून सापडली."

ऐरण मात्र खरी होती. मुंबई बंदराच्या राखणीला ठेवलेली ती आगबोट भंगारात निघाली, तेव्हा दाऊदमियांच्या अब्बांनी, शौकतमियांनी, तिच्या अंगाचा एक तुकडा मागून घेतला, मनमाडमार्गे रेल्वेनं औरंगाबादला आणला आणि त्याच्यावर पोराला लोहारकी शिकवली. दसऱ्याला कडूबा तिला झेंडूचा हार घालायचा, तेव्हा दाऊदमियांही हात धुऊन, मान खाली घालून शेजारी उभे राहायचे. ऐरण सगळ्यांचीच.

पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. गावोगावी लपवलेली हत्यारं शोधणं सुरू झालं, आणि सात जहाजांची गोष्ट फिरत फिरत नव्या जमादाराच्या कानावर गेली. एका दुपारी कडूबाचा फाळ भट्टीत तापत होता, आणि जमादार दुकानाच्या पायरीवर उभा.

"लढाईच्या जहाजाचं सामान आहे म्हणे तुमच्याकडं?" त्यानं छडीनं ऐरणीवर टकटक केलं. "कुठं कुठं लढलं हे? नीट सांगा. लढाईचा माल असेल तर उचलून न्यावा लागेल."

दाऊदमियांनी भाता थांबवला. ऐरण गेली तर पोट गेलं. आणि खरं बोलावं, तर सगळी गिऱ्हाइकं समोर कान टवकारून बसलेली.

"अजी, बोला ना!" पडद्याआडून त्यांची बायको रईसा कडाडली. "नाय बोलत? मग मी बोलते. जमादारसाहेब, सासरे मला चहा पिता पिता खरं सांगायचे. उभ्या जन्मात त्या जहाजाला दुश्मन दिसला नाय. विलायतेहून आलं, बंदरात उभं राहिलं. तोफा पुसायच्या, सराव करायचा, परत पुसायच्या. म्हातारं झालं, विकलं. एवढीच त्याची नोकरी."

"एकही लढाई नाही?"

"ह्यांच्या तोंडात झाली तेवढीच."

जमादार दाऊदमियांकडं वळला. "खरं?"

"व्हय साहेब," ते म्हणाले. शहागंजानं त्यांचा इतका हळू आवाज कधी ऐकला नव्हता. "एक बी नाय."

जमादार हसला, छडी बगलेत मारून चालता झाला. ऐरण राहिली. पण दाऊदमियां घण उचलेनात. बापाला त्या नोकरीची कधी लाज वाटली नव्हती. लेकालाच ती तोकडी वाटत आली होती.

"नुसतं उभं राहिलेलं जहाज," ते पुटपुटले. "आता कोण ऐकंल?"

कडूबानं तंबाखू चोळली. "दाऊदभाई, ज्वारीला कणसं भरली की मी गोफण घेऊन माळ्यावर बसतो. मला बघूनच पाखरं दुसऱ्याच्या वावरात जातात. एखाद्या दिवशी खडा बी मारावा लागत नाय. मग मी राखण केली नाय व्हय?"

दाऊदमियां ऐरणीकडं वळले. तिच्यावर हात फिरवला.

"तीसेक वर्षं उभं होतं," ते सावकाश म्हणाले. मग आवाज चढला. "आन् कडूबा, तेवढ्या वर्षांत मुंबईत शिरायची कुणाची छाती झाली नाय!"

"झालं सुरू," आतून रईसा म्हणाली.

"फाळ निवाया लागलाय," कडूबा हसला. "ठोका आधी. मग सांगा."