माशी बसलेली काच

आजही रक्त द्यायला गेले, की मला लहानपणीची एक लॅब आठवते. नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला, मानक नगरात राहायचो. मला दमा होता. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढल्या, की दमा बळावला असं धरून डॉक्टर माझ्या गोळ्या वाढवत, आणि त्या गोळ्यांनी माझं तोंड भोपळ्यासारखं सुजायचं. वर्गातल्या मुली हसायच्या. एकदा रक्त तपासायला बाबांनी मला अलीगंजातल्या एका लॅबच्या दारात सोडलं आणि ते स्कूटर लावायला गेले. लॅबवाला पान चघळत होता. शी! त्याच लाल बोटांनी त्याने माझं बोट धरून सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर पसरला आणि हात पायजम्याला पुसले. ओल्या काचेवर माशी येऊन बसली. मायक्रोस्कोपवरचं कापड त्याने काढलंसुद्धा नाही. "बिटिया, पिछली बार कितना आया था?" त्याने विचारलं. मागच्या वेळी अठरा टक्के आले होते. "पाँच," मी म्हणाले. त्याने तेच लिहिलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. चौथ्या दिवशी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत माझा श्वास अडकला आणि बाबांना ऑफिसातून थेट दवाखान्यात यावं लागलं. "रिपोर्ट तर चांगला होता ना गं?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. त्या लॅबवाल्याची किळस मला अजून येते. पण तो पाचाचा आकडा माझा होता, आणि बाबा गेले तोवर मी त्यांना ते सांगितलं नाही.