टीम नगरला, जळजळ नाशिकला

भाजीच्या वाफ्याला रोज पाणी लागतं. किश्शांना तेही लागत नाही. पंचवटीत आमच्या कबड्डी मंडळाच्या कट्ट्यावर आम्ही तिघे म्हातारे टेकलो, की ते आपोआप उगवतात. सध्या सगळं पीक नगरचं आहे. त्या गावाचं नाव काढलं की अजून पोटात जळतं!

* * *

कबड्डीच्या लीगला एक नवं शहर हवं होतं. नाशिक किंवा नगर. लीगचा मॅनेजर पाहणीला आला. मी मंडळाचा कोच. शिक्षण सातवी, पण माझ्या हाताखालून गेलेला खेळाडू लगेच ओळखू येतो.

"मॅचला गर्दी किती होते?" मॅनेजरने विचारलं.

"पाय ठेवायला जागा नसते," आमचे अध्यक्ष वसंतराव म्हणाले.

"आणि तिकीट?"

वसंतराव भडकले. "तिकीट? आम्ही वर चहा पाजतो!"

मॅनेजर म्हणाला, "काका, टीम गर्दीवर नाही, तिकिटावर चालते."

* * *

मग तिकीट लावून एक मॅच घेऊन बघितली. डॉक्टर, सराफ, निफाडचे द्राक्षवाले, जो तो वसंतरावांकडे पास मागायला! त्यांना नाही म्हणता येत नाही. मैदान तुडुंब भरलं. तिकिटाच्या खिडकीत माणूस डुलक्या घेत होता.

"एवढी पैसेवाली माणसं, तिकीट का काढत नाहीत?" मॅनेजरने विचारलं.

ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेला आमचा बबन म्हणाला, "साहेब, तिकीट काढलं म्हणजे गावात त्याला कोणी ओळखत नाही!"

नगरला अशीच मॅच घेतली, तिथे खिडकीपुढे रांग लागली. टीम नगरला गेली.

* * *

वसंतरावांची सून नगरची. तिने घरात पेढे वाटले.

"माहेरी जाऊन वाट!" सासरे गरजले.

"निघालेच आहे, मामंजी. भावाने मॅचची तिकिटं काढलीत!"

* * *

माझा चांगला चढाईपटू संतोष नगरच्या टीमने उचलला. नवी जर्सी घालून माझ्या पाया पडायला आला.

मी पाय मागे घेतले. "आधी ती काढ. मग वाक."

थंडीचे दिवस होते. पोरगं उघड्या अंगाने पाया पडलं.

* * *

नगरच्या पहिल्या मॅचला आम्ही तिघे गेलो. त्यांना आपटताना बघायचं होतं. तिथे आम्हाला पास कोण देणार? तिकीट काढलं. नगरचा गडी पकडला गेला, की बबन शिट्ट्या मारायचा.

"काका, तुमची टीम कोणती?" शेजारच्याने विचारलं.

"नगर सोडून कोणतीही!"

मग एकही मॅच चुकवली नाही. आमचं बघून नाशिकहून जीपा भरभरून यायला लागल्या. सगळे तिकीट काढून, सगळे नगर हरावं म्हणून!

शेवटच्या मॅचला मॅनेजरने आम्हाला गेटवर थांबवून चहा पाजला.

"काका, पुढच्या वर्षी अजून एक शहर घ्यायचंय."

वसंतरावांनी टोपी सारखी केली. "नाशिक ना?"

"ते नको. एवढंच सांगा, नगरच्या खालोखाल तुम्हाला कोणाचा राग येतो?"

आम्ही तिघे एकदम ओरडलो, "धुळ्याचा!"