निम्म्या गावाचा ताप

दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं केजच्या रस्त्याला चारा छावणी उघडली आणि आसपासच्या गावांतली गाभण जनावरं आपोआप धोंडीरामच्या हवाली झाली. हुद्दा नव्हता, पण हाताला यश होतं म्हणे. गाय अडली, व्याल्यावर वार पडेना, की धोंडीराम बाही सारून कोपरापर्यंत उघडा हात घालायचा. जनावरांच्या डॉक्टरानं हातमोजे दिले, तर म्हणाला, "मोजा घालून कुठं गाय सुटती व्हय?" मोजे गोठ्यातल्या खुंटीला शोभेपुरते राहिले.

मग छावणीत गाई एकामागून एक गाभ टाकू लागल्या. गावानं दोष चाऱ्यातल्या उसाच्या वाढ्यांना दिला, नजरेला दिला. धोंडीरामला रोज संध्याकाळी ताप चढायचा, सकाळी उतरायचा, कंबर धरायची. इतक्या शिस्तीच्या तापाला आजार कोण म्हणणार?

अंबाजोगाईहून डॉक्टर आले, छावणीतल्या लोकांचं रक्त घेऊन गेले. निम्म्याअधिक लोकांच्या रक्तात ब्रुसेलोसिसच्या, म्हणजे गाभ टाकणाऱ्या गाईंच्याच आजाराच्या, खुणा निघाल्या. त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाई सांगून गेल्या, दूध उकळून प्या, वारेला उघडा हात लावू नका. सोसायटीचे चेअरमन कारभारी हसले. "निम्म्या गावाला हाय, मंग त्यो आजार कसला रं? गावाचा गुणच म्हना की." गावाला पटलं. सोयीचं असलं की आमच्या गावाला लगेच पटतं.

धोंडीरामची लेक शिवकन्या तेव्हा माहेरी आलेली, पहिलटकरीण. बाप रोज सकाळी धार काढून तसाच पेला तिच्या हातात द्यायचा. "उकळलं की दुधातली ताकद जाती, बाई." पोर गुमान प्यायची.

पाचव्या महिन्यात तिचं पोट पडलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर तोच गावाचा गुण. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

तिला घरी आणल्यावर कारभारींची बायको सरूबाई तांब्याभर निरसं, न तापवलेलं दूध घेऊन भेटायला आली. "लई वाळलीस गं. पी, अंग धरशील."

शिवकन्येनं तांब्या घेतला आणि बापाकडं पाहिलं. "आण्णा, पिऊ?"

धोंडीरामनं तांब्या तिच्या हातातून काढून घेतला, बाहेर गेला आणि सगळ्यांदेखत दूध उकिरड्यावर ओतलं.

ऐन दुष्काळात, तेही चेअरमनच्या घरचं दूध. पोरीच्या दुःखानं धोंडीरामचं डोकं फिरलंय, असं गावानं त्याच दिवशी एकमतानं ठरवलं.