शांत बेटावर ऐकलेला माग

बेटाचं नाव मी सांगणार नाही. फुकटची जाहिरात कशाला करू? एवढंच सांगते, सोलापूरहून चेन्नईपर्यंत रेल्वे, मग विमान, मग मोठी बोट, मग आतडी ढवळणारी लहान बोट, एवढं सगळं सोसून माणूस पोचतं तिथं बघायला काय, तर वाळू. आणि पाणी, तेही खारट. आमच्या पोराला त्याचं भारी कौतुक. "आई, तिथं इतकं शांत असतं की स्वतःचा श्वास ऐकू येतो." म्हटलं, श्वास ऐकायला एवढ्या लांब कशाला? दमेकऱ्याच्या शेजारी बसलं तरी ऐकू येतो की.

शांततेचं आम्हाला कधी अप्रूप नव्हतं. भवानी पेठेत आमचं घर, आणि घराला लागून पत्र्याच्या शेडात टॉवेलचे चार माग. भिंतीपलीकडं शेजारच्या भाईंचे. लग्न होऊन आले तेव्हा त्या खडखडाटानं डोकं धरून बसायची. पुढं त्याच खडखडाटात पोरगं जोजवलं. आमच्या बोळात अवेळी माग थांबला की बाया दारात येतात. लाईट गेली का कोण गेलं, एवढंच विचारायचं असतं, कारण घरात माती झाली की माग बंद ठेवायची रीत. त्यामुळं फार शांत वाटलं की मी आधी दारात येऊन बघते.

शेडात ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून आम्ही सगळे बिनआवाजाचं बोलतो. नुसते ओठ हलवायचे आणि जोडीला हाताची खूण. धागा तुटला, चहा आला, पाहुणे आले, सगळ्याला खूण आहे. तळहात आडवा करून खाली दाबला की समजायचं, माग बंद. आमच्या ह्यांना माणसाचं बोलणं आता कमीच ऐकू येतं, पण ओठ बरोबर कळतात. आणि मागाचा आवाज त्यांच्या कानात बसलाय तो बसलाच.

मागल्या वर्षी ह्यांच्या हृदयाला त्रास झाला. डॉक्टर म्हणाले, आराम द्या आणि धक्का देऊ नका. पुण्यात कॉम्प्युटरपुढं बसणाऱ्या आमच्या पोरानं त्यातला आराम तेवढा ऐकला. माग विका, पुण्याला चला, हे त्याचं पालुपद सुरू झालं. ह्यांचं उत्तर एकच, "मी हाय तवर माग चालणार." शेवटी तह झाला. आम्ही दोघांनी बेटावर जायचं, आणि तोवर त्यानं रजा काढून घरी राहायचं, कारागीर लावून माग चालू ठेवायचे. निघताना ह्यांनी त्याचा हात धरला. "चालू ठेवशील न्हवं?" तो म्हणाला, "अप्पा, शप्पथ." तेव्हा कुठं हे रिक्षात बसले.

तर ते बेट. मुक्कामाला गवताचं छप्पर घातलेल्या झोपड्या. आमच्याकडं असल्या झोपडीत कोणी राहत असलं तर त्याला आपण गरीब म्हणतो, इथं त्याचेच पैसे घेतात. पलंगावर टॉवेलची घडी घालून बदक करून ठेवलं होतं. ह्यांनी बदक उलगडलं, काठ बघितला आणि हसायलाच लागले. सोलापुरी! घ्या, समुद्र ओलांडून आलो आणि अंग पुसायचं ते आपल्याच गावच्या टॉवेलानं. माणसं तर त्याहून न्यारी. समुद्र बघायला आलेली, आणि दिवसभर समुद्राकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. एक बाई डोळे मिटून ताठ बसायची आणि मधेच हळूच एक डोळा उघडून बघायची, कोणी बघतंय का. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेली होती, ती बाहेर काढली तर सगळ्यांची नाकं आमच्याकडं वळली. जळलं मेलं ते लक्षण! मासळीच्या वासात निवांत बसता, आणि आमचा लसूण तेवढा खुपतो व्हय?

आम्ही दोघं बोलतो मोठ्यानं. कान गेलेल्या माणसाशी कुजबुजून कसं बोलणार? पहिल्याच दुपारी तिथला मॅनेजर आला, हात जोडून हिंदीत म्हणाला, जरा हळू बोला, पाहुणे शांततेसाठी येतात. मी हो म्हटलं, आणि तो वळल्यावर नुसत्या ओठांनी त्याचा जो उद्धार केला तो ह्यांनी वाचला. हे पोट धरून हसले. आजारपणानंतर असं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, म्हणून त्या मॅनेजरला तेवढं माफ केलं.

फोनला रेंज फक्त बोटीच्या धक्क्यावर. पहिल्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी तिथून शेजारच्या भाईंना फोन लावला. "आमच्या शेडात जाऊन फोन धर की जरा." भाईंनी धरला. हे डोळे मिटून ऐकत राहिले आणि मला म्हणाले, "तिसरा अजून लंगडतोय बघ." आमच्या तिसऱ्या मागाला मधेच एक ठेका चुकायची जुनी खोड होती. कितीदा दुरुस्त केला, पण ऐकायचा नाही. त्या रात्री हे चांगले झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धक्क्यावर एकटी होते, तेवढ्यात पोराचा फोन आला. "आई, सौदा झाला. सकाळीच टेम्पो येऊन माग घेऊन गेला. अप्पांना आत्ता सांगू नकोस. तिथं मन शांत झालं की मग बघू."

माझं डोकंच फिरलं. "शप्पथ कुणाची घेतली होतीस रं? बाप लांब गेल्याचा मोका साधलास?" तर म्हणतो कसा, तुमच्याच भल्यासाठी. भलं! बापाला वाळूत बसवायचं आणि त्याच्या पाठीमागं घर रिकामं करायचं, ह्याला भलं म्हणायची पद्धत पुण्यात असेल. मी फोन कापला. संध्याकाळी हे पुन्हा ऐकायला येणार होते, आणि डॉक्टरांनी म्हटलेला धक्का दुसरा कुठला असणार?

मग मीच भाईंना फोन लावला. मी म्हटलं, भाई, आज तुमच्या मागाजवळ फोन धरा, त्यांना आमचाच म्हणून ऐकू दे. घरी गेल्यावर मी सांभाळून सांगते.

"भाबी, मैं झूट नै बोलता," भाई म्हणाले. आणि पुढं म्हणाले, "फोन धरतूं. जो बोलना हय, मागच बोलेगा."

तो दिवस पावसानंच निभावला, संध्याकाळी हे धक्क्यावर गेलेच नाहीत. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी चहा तसाच टाकून निघाले. मी पाठोपाठ. धक्क्याला लागून वाळूवर बसून त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडून खडखडाट सुरू झाला, मलासुद्धा ऐकू येत होता. मी मनात म्हटलं, पांडुरंगा, निभावून ने.

हे ऐकत राहिले. बराच वेळ. त्यांची मान मागाबरोबर हलत होती, मग हलायची थांबली. आणि तेव्हा मला आठवलं. भाईंचा एकही माग लंगडत नाही.

हे एकदम मोठ्यानं ओरडले, "झकास! झकास चाललाय, भाई! चालू दे!" आणि फोन बंद करून खिशात ठेवला. मला वाटलं, सुटलो, कळलं नाही. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं तोंड केलं आणि आवाज न काढता, शेडात विचारतात तसं विचारलं, "कधी नेले?"

आसपास ना माग, ना माणूस. मोठ्यानं बोलायला कोणाची ना नव्हती. पण मीही ओठांनीच म्हटलं, "काल."

"तिसरापण?"

मी होय म्हणून मान हलवली. त्यांचा हात छातीवर गेला तशी मी घाबरून गोळीची पुडी काढली, तर त्यांनी नको म्हणून खूण केली. दुखत नव्हतं, नुसता ठेवला होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला, पोराचा, त्या निळ्या पाण्याचा, सगळ्याचाच.

तेवढ्यात तो मॅनेजर तिकडून चालत आला. आमच्याकडं बघून खूश झाला, वाकून म्हणाला, "थँक्यू, आंटीजी. आज आप लोग कितने शांत हैं."

ह्यांना ते ऐकू आलं नाही. भुवई उचलून मला विचारलं, काय म्हणतोय?

मी ओठांनी सांगितलं, "शांत आहे म्हणतोय."

ह्यांनी त्याच्याकडं बघितलं, तळहात आडवा केला आणि हळूहळू खाली दाबला.