पुलापर्यंत तुम्ही

गेमचा दुसरा भाग उतरवून घ्यायला माझा अख्खा शनिवार गेला, आणि संतापून बंद करायला वीस मिनिटं पुरली. त्या वीस मिनिटांत मी एका गावात शिरलो, विहिरीपाशी वळलो, तर समोर एक दगड उभा. दगडावर आमच्या भालेवाल्याचं नाव आणि खाली एक ओळ: पुलावरून पडून मेला. साफ खोटं. त्याला आम्ही वाचवला होता. मी आणि माझ्या मित्राने, कोरमंगलाच्या पी.जी.त, एकाच लॅपटॉपवर.

असले गेम ज्यांनी कधी खेळले नाहीत त्यांना एवढंच सांगतो, की यात आपण एक नायक व्हायचं आणि त्याने कुठे जायचं, कोणाला मारायचं, कोणाशी काय बोलायचं, ते आपण ठरवायचं. आपण ठरवलेलं सगळं एका फाइलीत जमा होत जातं. पुढचा भाग आला की ती जुनी फाइल त्याला द्यायची, म्हणजे आपली जुनी दुनिया तिथे पुढे सुरू होते. फाइल नसेल तर गेम स्वतःच ठरवतो, की तुम्ही मागच्या वेळी काय केलं असेल. माझ्याकडे फाइल नव्हती. म्हणून गेमने ठरवलं, की मी पुलावर त्या माणसाला सोडून दिलं असणार.

फाइल मित्राच्या लॅपटॉपवर होती. मित्र इलेक्ट्रॉनिक सिटीला राहत होता आणि आम्ही दीड वर्षात एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलं नव्हतं.

तो निपाणीचा, मी पुण्याचा. एकाच कंपनीत एकाच आठवड्यात लागलो आणि पी.जी.तल्या एकाच खोलीत येऊन पडलो. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी, एवढाच देखावा. रविवारी सकाळी इडली खाऊन आलो, की त्याचा लॅपटॉप माझ्या खाटेवर ठेवून आम्ही खेळायला बसायचो. पहिला गेम दिसायला गरीबच होता. त्यातलं पाणी निळ्या चादरीसारखं दिसायचं, घोडा दर दोन मैलांवर भिंतीत अडकायचा, आणि रस्ता दाखवणारा बाण वगैरे काही नाही. भेटेल त्याला विचारत जायचं. मुख्य म्हणजे त्यात कोणालाच आवाज नव्हता. खाली तपकिरी चौकटीत इंग्रजी अक्षरं एकेक करून उमटायची आणि आपण वाट बघायची.

ती वाट बघणं आम्हाला जमेना, म्हणून आम्ही आवाज द्यायला लागलो, अर्थात मराठीत. नायक आणि सरदार-दरकदार माझ्याकडे. खानावळवाले, नावाडी आणि चोर त्याच्याकडे. त्याचे दरोडेखोर आधी "काय ओ पावणं, कुठं निघालासा?" अशी चौकशी करायचे आणि मग तलवार काढायचे. हसून हसून माझ्या हातून नायक कितीदा तरी मेला. शेजारच्या खोलीतले लोक भिंतीवर थापा मारायचे.

भालेवाल्यापाशी मात्र आमचं अडलं. हा राजाने नायकाला पकडायला पाठवलेला शिपाई. पकडायला येतो आणि काही कारणाने बरोबरच चालू लागतो. तो नायकाला काय म्हणेल, तू की तुम्ही? इंग्रजीला हा त्रास नाही. तिथे राजाला आणि कुत्र्याला एकच यू. मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं. माझं म्हणणं, शिपाईगडी आहे, शेवटपर्यंत तुम्हीच म्हणणार. मित्राला ते पटत नव्हतं.

"शेवटपर्यंत तुम्ही? मग संगं कशाला चालायचं रे? एकटंच जावं की."

दोन रविवार हा वाद चालला. तिसऱ्या रविवारी पूल आला. पूल तुटतो, भालेवाला एका दोराला लोंबकळतो, तो दोर नायकाच्या एका हातात आणि दुसऱ्या हातात असते तलवार, जी मिळवायला आम्ही तीन आठवडे घालवले होते. दोन्ही धरता येत नाही. माझी बोटं तलवारीच्या बटणाकडे वळली होती, हे मी आज कबूल करतो. मित्राने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "खुळा हैस काय? माणूस हाय तो." तलवार नदीत गेली. भालेवाला वर आला, धापा टाकत बसला, आणि खालच्या चौकटीत अक्षरं उमटली. मित्राने ती वाचली, घसा साफ केला आणि भालेवाल्याच्या आवाजात म्हणाला, "वेडा आहेस तू." त्या दिवशी नियम ठरला: पुलापर्यंत तुम्ही, पुलानंतर तू.

एवढ्याशा नियमाचा आम्हाला भलताच अभिमान होता.

मग मी टीम लीड झालो. आमचं ऑफिस बेळ्ळंदूरला, मित्र माझ्याच टीममध्ये. ऑफिसात सगळे हिंदी-इंग्रजीत बोलायचे, त्यामुळे तू-तुम्हीचा प्रश्न कधी आलाच नव्हता. पण त्या महिन्यात पुण्याहून दोन इंजिनियर आले, दोघंही मराठी. पहिल्याच मीटिंगमध्ये मी फळ्यावर माझी योजना मांडत होतो, आणि मागून मित्र मराठीत म्हणाला, "आरं, हे असं न्हाई चालायचं. काल सांगितलं की तुला. डोकं हाय का न्हाई?" नवे दोघं खो खो हसले. बाकीच्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तर त्या दोघांनी त्याचं हिंदी करून सांगितलं. माझे कान तापले.

दुपारी कॉफीच्या मशीनपाशी मी त्याला गाठला. म्हणालो, "ऑफिसात तरी मला तुम्ही म्हणत जा. माणसं बघतात."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या कपाकडे. म्हणाला, "सरी."

सरी म्हणजे कानडीत ठीक आहे. रिक्षावाला म्हणतो, दूधवाला म्हणतो, आपणही दिवसातून दहादा म्हणतो. मला वाटलं, विषय मिटला. त्या संध्याकाळी खोलीवर आलो, तर तो विचारतो, "पंखा वाढवू काय? तुम्हाला गरम होतंय काय?" मी हसलो. वाटलं, खेचतोय. दुसऱ्या दिवशीही हसलो. तिसऱ्या दिवशी म्हणालो, पुरे आता. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "हापिसात एक आणि घरात एक, जीभ गोंधळती ओ." दोन महिन्यांनी त्याला इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी मिळाली आणि तो गेला. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. इथे मी जे मागितलं तेच त्याने मला दिलं होतं, तक्रार कशाची करणार? आणि हो, माझी ती फळ्यावरची योजनाही महिनाभरात आपटली. तो म्हणाला होता तिथेच आपटली.

तर तो दगड बघून मी दोन आठवडे चरफडलो. फाइलीशिवाय पुढे खेळून बघितलं. कोणीही सांगेल, दुसरा गेम पहिल्यापेक्षा कितीतरी सरस आहे. दाढीचा केस न् केस दिसतो. घोडा शीळ घातली की येतो आणि भिंतीत अडकत नाही. तलवारबाजी तर अशी, की हात शिवशिवतात. पण बाण! डोळ्यांसमोर सतत तो पिवळा बाण: इकडे चल, आता वळ, आता थांब. कोणाला काही विचारायची सोयच नाही. आणि ज्याच्याकडे नवीन बोलण्यासारखं काही असेल त्याच्या डोक्यावर पिवळी खूण. पहिल्या भागात रात्री मुक्कामाच्या शेकोटीपाशी प्रत्येकाजवळ जाऊन बसावं लागायचं, बहुतेकदा तो काहीच बोलायचा नाही, तरी बसायचो. इथे खूण नसेल त्याच्याकडे कोण फिरकतो? शिवाय सगळे बोलतात. नायकसुद्धा बोलतो, खर्जातल्या सुरेख इंग्रजी आवाजात, आणि आपल्याला मध्ये तोंड घालायला श्वासाएवढीही जागा ठेवत नाही. मला त्या आवाजाचा मनापासून राग यायचा.

शेवटी मित्राला लिहिलं: "आपल्या गेमची जुनी फाइल आहे का रे?" तासाभराने उत्तर आलं: "आहे. शनिवारी या."

ये नाही, या. पडद्यावरच्या त्या एका कान्याकडे मी किती वेळ बघत बसलो होतो, सांगायला लाज वाटते.

शनिवारी बस पकडून गेलो. उड्डाणपुलावरून बस सुसाट निघाली आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत बसलो. दार त्याच्या मोठ्या बहिणीने उघडलं. ही आता त्याच्याकडेच राहते, आम्ही पी.जी.त असताना निपाणीहून आमच्यासाठी खर्डा आणि चकल्या पाठवायची. आम्ही दोघंही तिला अक्काच म्हणतो.

"किती दिसांनी आलास रे!" ती म्हणाली. "वाळलास की. बस, चहा टाकते."

मागून मित्र आला. "या. बसा. ट्रॅफिक लागलं काय तुम्हाला?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "असं काय रे बोलतोस त्याच्यासंगं? पावण्यागत?"

"त्यांनीच सांगितलंय," तो म्हणाला. कुत्सितपणा नाही, राग नाही. बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं. अक्काने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरचा जुना लॅपटॉप बघत बसलो.

त्याने फाइल पेन ड्राइव्हवर घालून ठेवलेलीच होती. टीव्हीखाली गेमचा नवा पॅड दिसला. मी विचारलं, "दुसरा भाग खेळलास?"

"मागच्या महिन्यात संपवला."

"एकट्याने?"

"तुम्ही कामात असाल म्हटलं." मग पेन ड्राइव्ह माझ्या हातात देत म्हणाला, "भालेवाला जिवंत होतोय. पण लई आशा नका ठेवू."

बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही बाहेर आलं नाही. चहा पिऊन परत आलो.

रविवारी सकाळी फाइल घातली. दगड गायब! विहिरीपाशी वळलो, तर भालेवाला स्वतः उभा, केस पिकलेले, कपाळावर पुलावरची खोक. मी चक्क ओरडलो, एका गेमसाठी, या वयात. तो वळला आणि घोटीव आवाजात इंग्रजीत म्हणाला, की तुमच्याबद्दल बरंच ऐकलंय, तुमची काय सेवा करू? बस. पूल नाही, दोर नाही, नदीत गेलेली तलवार नाही. मी त्याच्याशी चार वेळा बोललो. चारही वेळा तेच वाक्य. कपाळाला हात लावला. पहिल्या भागातून त्या फाइलीने एवढंच आणलं होतं, की माणूस मेला नाही. तो माझ्याशी कसा बोलायचा, हे त्यात कुठेच साठवलेलं नव्हतं. साठवणार तरी कसं, ते गेममध्ये नव्हतंच. ते आमच्या खोलीत होतं, माझ्या खाटेवर.

मी पॅड आपटला आणि मित्राला फोन लावला.

"भेटला काय?" त्याने विचारलं.

"भेटला. ओळखही दाखवत नाही. तू खेळलास तेव्हा काय ऐकू आलं तुला? तू म्हणतो की तुम्ही?"

"मला तर तुम्हीच ऐकू आलं."

"मलाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती थांबेपर्यंत मी थांबलो आणि मग एका दमात बोलून टाकलं. त्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशी मी मूर्खासारखा वागलो. मीटिंगमध्ये तू बरोबर होतास आणि मला तेच झोंबलं होतं. माझं चुकलं. आजपासून मला तू म्हण.

मला वाटलं, आता सरी म्हणेल. सरी म्हणाला असता तरी चाललं असतं.

"सांगितलं म्हणून तुम्ही म्हणता येतंय," तो म्हणाला. आवाज मऊ होता, त्यामुळे जास्तच लागलं. "सांगून तू नाही म्हणता येत ओ."

समोर पडद्यावर भालेवाला तसाच माझ्या उत्तराची वाट बघत होता. पलीकडून स्वयंपाकघरातून अक्का ओरडली, "त्याचाच फोन ना? जेवला का विचार त्याला!"

"हो हो," तो तिला म्हणाला. मग मला म्हणाला, "अक्का विचारतीय, जेवलात काय?"